उणे ऐंशी

पार्सल आलं तेव्हा पावणेतीन वाजले होते.
अमरावती रोडचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं,
विभागाच्या पोर्चमधलं कुत्रं
कुंडीखालच्या ओलीवर पोट टेकून पडलेलं.

थर्माकोलचा डबा, त्यात धुरकटणारा कोरडा बर्फ,
बर्फात पिशवी, पिशवीत डबी, डबीत नळी,
नळीच्या बुडाशी गोठलेला थेंब एक.
मानवी रेनिन, दहा मायक्रोग्रॅम.
मिठाची चिमूट सोडल्यावर बोटांना जे चिकटून राहतं
त्याहूनही कितीतरी कमी.
बिल बोपचे सरांनी दोनदा वाचलं
आणि घडी करून खिशात घातलं.

"किडनीतलं हाये म्हणे मॅडम," देवानंद ढेंगरे म्हणाला,
सहीसाठी फोन पुढे करत. "कोनाची?"
कोणाचीच नाही, म्हटलं.
"म्हंजे ज्याची काढली तो जिता हाये का नाही?"

कसं सांगू.
एका जनुकाचं वाक्य उतरवून घेतलं
आणि बाटलीत वाढणाऱ्या पेशींना पाठ करायला दिलं.
त्या पेशी कधीकाळी मूत्रपिंडाच्या होत्या,
पन्नास वर्षं झाली, खातात, दुभंगतात, पुन्हा खातात,
अंग कधीच मागे राहिलं
हे त्यांना कुणी कळवलं नाही.
त्यांनी जे रचलं त्याला सहा हिस्टिडिनची शेपटी,
म्हणजे रश्शातून नेमकं तेवढंच
निकेलला धरून बाहेर ओढता येतं.

नळी दाखवायला मी बर्फातून वर काढली.
त्यानं लेबल अक्षर-अक्षर लावून वाचलं:
फक्त संशोधनासाठी. माणसांत वापरू नये.
"माणसाचं हाये अन् माणसाले चालत नाही?
काहून बाप्पा?"

आणि हसता हसता पायरीवरच बसला.
चेहरा राखेसारखा, ओठ पांढरे.
सोनेगावहून निघाल्यापासून एकतीस पार्सलं,
पाण्याची बाटली शंकरनगरलाच संपलेली.

बीकर नको, बीकर कुणालाच नको.
माझ्या डब्याचं झाकण धुतलं,
त्यात साखर, मीठ, माठातलं पाणी.
तो घोट घेत होता
आणि मला आत काय चाललंय ते दिसत होतं, जणू काचेतून:
बरगड्यांखाली, पाठीच्या बाजूला, मुठीएवढे दोन कारखाने,
रक्ताचा रेटा उतरल्याचं ओळखून
बारीक रोहिणीच्या भिंतीतल्या पेशींनी दार उघडलेलं,
हेच रेनिन, शेपटीशिवाय, बर्फाशिवाय,
बिलाशिवाय, सदतीस अंशांवर,
सांगत सुटलेलं: नळ्या आवळा, मीठ सोडू नका,
पाणी धरा, याला उभं करा.

गावभर हेच चाललं असेल आत्ता.
बर्डीच्या उड्डाणपुलाखाली,
कळमन्यात पोती उचलणाऱ्यांच्या पाठीत,
गड्डीगोदामच्या लोखंडवाल्यांत.
शेचाळीस अंश आणि कुणाला पत्ता नाही
आपण आतून काय गाळतोय.

"जमते आता," म्हणाला, आणि उठला.
गाडीचं सीट चटकलं तशी एक शिवी हासडली
आणि बत्तिसाव्या पत्त्याकडे गेला.

तेव्हा हातातली नळी आठवली.
थेंब थेंबच राहिला होता, पण आता हलत होता.

फ्रीजरच्या वहीत लिहिलं:
आगमन दोन पंचेचाळीस, उणे ऐंशीत तीन वाजून चार.
विलंबाचं कारण, हा रकाना
मी आधी कधी पाहिलाच नव्हता.
तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तपासणीत एंझाइम चमकलं,
पण पुरतं नाही, शंभरातले एक्क्याण्णव.
सर म्हणाले, या कुरिअरवाल्यांचं काही खरं नाही.

मी काही बोलले नाही.
गोरेवाड्यातून आणलेला तरोटा वाटून ठेवला होता,
त्याचा अर्क थेंब-थेंब सोडत गेले नव्वद खळग्यांत,
बघत, की कुठला थेंब याला थांबवतो.
रक्तदाबाच्या औषधासाठी थांबवायलाच हवं ते,
प्रकल्पाच्या पहिल्या पानावर तेच लिहिलंय.

चौदाव्या खळग्यात चमक मंदावली.
चांगली खूण आहे ही.
मी पेन उचललं, आणि थोडा वेळ
पोर्चकडे बघत बसले.